दोन होड्यांमधले अंतर

शिडाच्या साध्या बोटीला वाऱ्यात सरळ उभे राहायचे असेल तर तळाशी शिसे किंवा लोखंड लागते. समुद्रप्रवासाच्या बोटीत हे वजन एकूण वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास जाते, आणि ते जन्मभर ओढत न्यावे लागते. कॅटामरानला हे ओझे नाही. दोन सडपातळ होड्या एकमेकींपासून पुरेशा लांब ठेवून वरून जोडल्या की ते अंतरच तिला सावरते. हिशेब सोपा आहे. बोटीचे वजन सहा टन आणि दोन होड्यांच्या मध्यरेषांतले अंतर पाच मीटर असेल, तर तिला उलटवू पाहणाऱ्या वाऱ्याला सहा टन गुणिले अडीच मीटर, म्हणजे पंधरा टन-मीटर एवढा विरोध होतो. अंतर वाढवा, विरोध वाढतो. कोकणात आणि गोव्यात लहान होडीला एका बाजूने उलांडी बांधतात, ती याच तत्त्वावर होडी सावरते.

हे तत्त्व पॅसिफिकमधल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी पूर्णत्वाला नेले. दोरीने बांधलेल्या जोड-होड्यांतून त्यांनी हवाई, रापा नुई, न्यूझीलंड इथपर्यंत वस्त्या केल्या. युरोप-अमेरिकेच्या नौकानयनाने मात्र या बोटीकडे बराच काळ संशयाने पाहिले. 1876 मध्ये नॅथॅनिएल हेरेशॉफ यांच्या ‘अमॅरिलिस’ या दोन होड्यांच्या बोटीने न्यूयॉर्कच्या शर्यतीत बाकीच्यांना सहज मागे टाकले, तेव्हा तिचे कौतुक होण्याऐवजी तिच्या जातीच्या बोटींना शर्यतींतून दूर ठेवण्यात आले. त्यानंतर पाऊण शतकाने हा प्रश्न पुन्हा उभा केला तो मँचेस्टरच्या एका तरुणाने, आणि पुढे त्याचे सगळे आयुष्य या एकाच बोटीच्या मागे गेले.

जेम्स व्हॅरम यांचा जन्म 1928 चा. गिरण्यांच्या शहरात वाढलेल्या या मुलाच्या हाती एरिक द बिशोप या फ्रेंच दर्यावर्दीचे पुस्तक लागले. द बिशोप यांनी हवाईत ‘काइमिलोआ’ नावाची जोड-होडी बांधली, 1937 मध्ये होनोलुलूहून ती हाकारली आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून पुढच्या वर्षी फ्रान्स गाठले. 1947 मध्ये थॉर हेयरडाल यांचा ‘कॉन-टिकी’ तराफा पेरूहून पॅसिफिकमध्ये वाहत गेला आणि पॉलिनेशियात माणसे अमेरिकेकडून वाऱ्या-प्रवाहांबरोबर आली असावीत, ही कल्पना लोकप्रिय झाली. व्हॅरम यांना ती पटेना. त्या बेटांवरचे लोक जाणून-बुजून, दिशा ठरवून, वाऱ्याशी झगडत गेले. आणि तशी बोट बांधून समुद्रावर नेल्याशिवाय हे कोणी मान्य करणार नाही, अशी त्यांची धारणा होती.

पहिली बोट ‘टांगारोआ’. 1954 मध्ये एसेक्स किनाऱ्यावरच्या ब्राइटलिंगसी इथे बांधलेली, लांबी साडेतेवीस फूट, तळ सपाट. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून ती निघाली. बरोबर रूथ मर्सेबर्गर आणि जुट्टा शुल्त्से-रोनहोफ या दोन जर्मन तरुणी होत्या. या तिघांनी अटलांटिक पार करून त्रिनिदाद गाठले. आज पन्नास फुटी कॅटामरान घेऊनही लोक ज्या प्रवासाची महिनोन्महिने तयारी करतात, तो प्रवास या बोटीने केला. हिच्या आत नीट उभे राहण्याचीसुद्धा सोय नव्हती. या धाडसाचे मोल मान्य करूनही एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे, की टांगारोआ ही चांगली बोट नव्हती. सपाट तळ लाटेवर आपटतो आणि वाऱ्याने आडवा घसरतो. हे दोन्ही धडे तिघांनाही समुद्रावरच मिळाले.

त्यावरचा उपाय त्रिनिदादमध्ये तयार झाला. 1957-58 मध्ये व्हॅरम यांनी तिथे चाळीस फुटी ‘रोंगो’ बांधली. मदतीला बर्नार्ड म्वातेसिए होता. हा फ्रेंच खलाशी पुढे एकट्याच्या जगप्रदक्षिणेसाठी प्रसिद्ध झाला. रोंगोच्या होड्यांचा छेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा होता. असा तळ पाणी कापत उतरतो, त्यामुळे आपटणे कमी होते. आणि त्याची लांबलचक उभी बाजू पाण्याला रेटा देते, त्यामुळे खाली वेगळे पाते न सोडताही बोट वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तिरकी पुढे सरकते. 1959 मध्ये रोंगो न्यूयॉर्कहून उत्तर अटलांटिक ओलांडून आयर्लंडला पोहोचली. पश्चिमेकडून पूर्वेकडे हा समुद्र पार करणारी ती पहिली कॅटामरान. दोन वर्षांनी, 1961 मध्ये, जुट्टा वारली. रूथ मात्र पुढची अनेक दशके या कामात राहिली.

व्हॅरम बोटींचे सर्वात वेगळे अंग म्हणजे त्यांचे सांधे. कारखान्यात बनणाऱ्या कॅटामरानमध्ये दोन्ही होड्या आणि मधली केबिन हे एकच कडक कवच असते. व्हॅरम बोटीत होड्या वेगळ्या आणि आडव्या तुळया वेगळ्या. दोन्ही दोरीने बांधलेल्या. कमी ताणणारी पॉलिएस्टरची दोरी तुळईवरून होडीच्या कडेखालच्या लाकडी आधारात अडकवून, प्रत्येक वेढा आधीच्या शेजारी नीट बसवत, अनेक वेढे घेतात. मग तीच दोरी या उभ्या वेढ्यांभोवती आडवी गुंडाळून आवळतात. खरा कस या आडव्या वेढ्यांत आहे: ते उभ्या दोऱ्यांना कमरेत चिमटतात आणि सगळा सांधा घट्ट होतो. नवी दोरी पहिल्या काही फेऱ्यांत थोडी सैल पडतेच. मग ती सोडून पुन्हा बांधायची. तिरकी लाट एका होडीला उचलते आणि दुसरीला खाली सोडते, तेव्हा कडक सांध्यात जो ताण एका बोल्टभोवती साठला असता, तो इथे किंचित हलणाऱ्या दोरीत विरून जातो. दोरी झिजली तर ती डोळ्यांना दिसते आणि कोणत्याही बंदरात नवी मिळते. धातूला आतून पडलेली चीर दिसत नाही. समुद्रप्रवासाच्या बोटीत दिसणारा दोष हा मोठाच गुण मानला पाहिजे.

1965 पासून व्हॅरम यांनी हौशी माणसांसाठी बोटींचे आराखडे काढायला सुरुवात केली. प्लायवूड, लाकूड, गोंद, आणि पुढे इपॉक्सी व काचतंतूचे कापड एवढ्यावर, घरामागच्या अंगणात बांधता येतील अशा या बोटी. 1970 च्या दशकात डच चित्रकर्ती आणि नौका-रचनाकार हॅनेके बून त्यांच्याबरोबर आली. आराखड्यांतली पायरी-पायरीने समजावणारी हाताने काढलेली चित्रे ही तिची देणगी. आजवर असे दहा हजारांहून अधिक आराखडे विकले गेले आहेत. त्यांतली एकवीस फुटी ‘टिकी’ घेऊन रोरी मॅकडूगल याने 1991 ते 1997 या काळात जगप्रदक्षिणा केली. एवढ्या लहान कॅटामरानने तोवर कोणी पृथ्वीला फेरी घातली नव्हती.

इथे आज बोट निवडणाऱ्याचा प्रश्न सुरू होतो, कारण बाजारात मिळणारी कॅटामरान या वाटेने आलेली नाही. तिचे आजचे रूप मुख्यतः फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या कारखान्यांनी आणि कॅरिबियन बेटांतल्या भाड्याच्या बोटींच्या धंद्याने घडवले. चाळीस फुटांत चार शयनकक्ष, मधोमध दिवाणखाना, चारी बाजूंना खिडक्या. कुटुंबासाठी ही सोय मोठी आहे आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. लाटांत जेवणाचे ताट टेबलावर राहते आणि मुलांना उलटी कमी होते, हे लांबच्या प्रवासात फार मोलाचे असते. पण ही सोय वजनाने विकत घेतलेली असते, आणि कॅटामरानला वजनाचे वावडे आहे.

हेही आकड्यांनीच पाहावे. पाण्याच्या रेषेवर अकरा मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा दोन होड्या धरल्या, आणि टोकांच्या निमुळतेपणासाठी तिसरा हिस्सा वजा केला, तर पाण्यावर टेकलेले क्षेत्रफळ साधारण पंधरा चौरस मीटर होते. एक टन सामान चढवले की अशी बोट सहा-साडेसहा सेंटिमीटर खाली बसते. चारशे लिटर पाणी आणि चारशे लिटर डिझेल मिळूनच पाऊण टनाच्या जवळ जाते. नांगराची दहा मिलिमीटरची साठ मीटर साखळी एकटी सुमारे एकशे चाळीस किलोची. त्यावर बॅटऱ्या, जनरेटर, समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र आणि सहा महिन्यांचा शिधा. बोट जड झाली की वेग जातो, हे त्यातल्या त्यात किरकोळ नुकसान. मधल्या केबिनचा तळ पाण्यापासून जेमतेम उरतो आणि समोरून येणारी लाट त्यावर खालून हाणते. त्या आवाजात झोप येत नाही आणि सांधे खिळखिळे होतात. म्हणून बोट पाहताना तिची जाहिरातीतली लांबी किंवा शयनकक्षांची संख्या पाहण्याआधी, रचनाकाराने ठरवलेली भारक्षमता विचारावी आणि भरलेल्या बोटीच्या तळाखाली किती मोकळी जागा राहते ते मोजावे. बारा मीटरच्या बोटीला सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर असली तर समाधान मानावे.

व्हॅरम यांनी हा पेच मुळातच टाळला. त्यांच्या बहुतेक बोटींत मधे केबिन नाहीच. फळ्या-फळ्यांचा उघडा मंच आहे, आणि लाट फटींतून वर येऊन तशीच खाली जाते. राहणे, स्वयंपाक, झोप सगळे अरुंद होड्यांत. एका होडीतून दुसरीत जायचे तर पावसात, वाऱ्यात मंचावरून जावे लागते. थंड प्रदेशात हा त्रास खरा आहे, आणि ज्यांना तो सोसवणार नाही त्यांनी ही बोट घेऊ नये. बदल्यात बोट हलकी, खर्च कमी, आणि वाऱ्याला अडवणारा पृष्ठभागही कमी. तळ इतका उथळ की ओहोटीला ती वाळूवर सरळ बसते. पुढच्या भरतीपर्यंत तळ खरवडून रंगवून होतो. बंदरातल्या धक्क्यावर मात्र कोणतीही कॅटामरान महाग पडते, कारण ती जवळपास दोन बोटींची जागा व्यापते.

जुनी बोट घेणाऱ्याने कारखान्याच्या बोटीत आडव्या भिंती कवचाला जिथे चिकटवल्या आहेत तिथे, आणि डोलकाठीखालच्या तुळईपाशी चिरा शोधाव्यात. प्लायवूडच्या बोटीत पाणी साचून राहते अशा जागी, विशेषतः तुळयांच्या टोकांना, हातोडीने हलके ठोकून पाहावे. आवाज भरीव आला नाही तर आत लाकूड कुजले आहे.

कॅटामरान चालवण्याची रीत वेगळीच शिकावी लागते, कारण ती इशारा देत नाही. एकाच होडीची साधी बोट वारा वाढला की कलंडत जाते. चहाचा कप घसरतो, आणि शीड कमी करायची वेळ झाली हे अडाण्यालाही कळते. कॅटामरान तशीच सपाट राहते, फक्त अधिक वेगाने धावते. वाऱ्याचा जोर मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो: दहा नॉटचा वारा वीस झाला की शिडावरचा दाब चौपट. त्यामुळे शीड केव्हा आखूड करायचे हे वाऱ्याच्या ठरलेल्या आकड्यावरून, आणि तेही सरासरी वाऱ्याऐवजी झोतांवरून ठरवायचे असते. लहान बोटीला हे आणखी लवकर करावे लागते. बोटीचे सगळे माप दुप्पट केले तर उलटवणारा जोर आठपट होतो, सावरणारा सोळापट. म्हणजे त्याच आराखड्याची लहान आवृत्ती मोठीपेक्षा कमी स्थिर.

सर्वात फसवा असतो तो पाठीवरचा वारा. चोवीस नॉटच्या वाऱ्यात बोट बारा नॉटने त्याच दिशेला पळत असेल, तर मंचावर बसलेल्याच्या गालाला बाराच नॉट लागतात. वातावरण प्रसन्न, शीड पूर्ण उघडे. मग काही कारणाने बोट वाऱ्याकडे वळवावी लागते, आणि क्षणात तेवढ्याच शिडावर दुपटीहून जास्त वारा, म्हणजे चौपटीहून जास्त जोर येतो. पाठीवर वारा असताना खरा वारा मोजून शीड ठेवणे हा नियम अनुभवी माणसेसुद्धा विसरतात. उलटलेली कॅटामरान बुडत नाही. पण ती उलटीही तितकीच स्थिर असते आणि स्वतःहून सुलटी होत नाही.

वाऱ्यातून तोंड फिरवतानाही घाई चालत नाही. हलकी बोट वेग पटकन गमावते आणि मधेच वाऱ्याकडे तोंड करून थबकते. म्हणून आधी वेग पुरेसा घ्यायचा, सुकाणू हळूहळू वळवायचे, आणि पुढचे शीड लगेच सोडायचे नाही. ते उलट्या बाजूने फुगू द्यायचे, म्हणजे वाराच बोटीची पुढची टोके ढकलून पलीकडे नेतो. मग ते सोडून दुसऱ्या बाजूला ओढायचे, आणि मोठे शीड थोडे सैल ठेवून पुन्हा वेग येऊ द्यायचा. नांगरावर हीच हलकी बोट वाऱ्यात डावी-उजवी फिरते. दोन्ही पुढच्या टोकांवरून एकेक दोरी साखळीला जोडून त्रिकोण केला की ती शांत उभी राहते. वादळात मागे जाड दोर किंवा खास बनवलेला रोधक सोडून वेग मारतात, नाहीतर उतारावरून धावणारी बोट पुढच्या लाटेत टोके खुपसते.

व्हॅरम यांची सर्वात मोठी बोट, त्रेसष्ट फुटी ‘स्पिरिट ऑफ गाया’, 1992 मध्ये कॉर्नवॉलमध्ये पाण्यात उतरली आणि 1994 ते 1998 या काळात जग फिरून आली. 2008-09 मध्ये, वयाच्या ऐंशीत, त्यांनी आणि हॅनेके बून यांनी तरुणपणीच्या मूळ प्रश्नाला हात घातला. पॅसिफिकमधल्या जुन्या होड्यांच्या आकारावर बेतलेल्या दोन अडतीस फुटी जोड-होड्या फिलिपिन्सहून निघाल्या आणि सुमारे चार हजार सागरी मैल पूर्वेकडे जाऊन तिकोपिया आणि अनुटा या दूरच्या बेटांवर पोहोचल्या. बेटवासीयांना स्वतःच्या वाहतुकीसाठी वापरता याव्यात म्हणून त्या तिथेच देण्यात आल्या. डिसेंबर 2021 मध्ये व्हॅरम त्र्याण्णव्या वर्षी वारले. हॅनेके बून यांनी आराखड्यांचे काम पुढे चालू ठेवले.