संगीताची खोली

ध्वनियंत्र घेताना मनुष्य दहा दुकाने हिंडतो; ते ठेवावयाच्या खोलीचा विचार मात्र क्वचितच करतो. वस्तुतः खोली हेही एक वाद्यच होय. १८९५ साली हार्वर्ड येथील एका व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. वॉलेस सेबिन या तरुण अध्यापकाने नाट्यगृहातील गाद्या आणून तो आवरून दाखविला.

आमचा दिवाणखाना पंधरा फुटी चौरस, फरशीचा व काचांचा. अशा खोलीत सेकंदास सुमारे ३८ कंपनांचा खर्ज लांबी व रुंदी अशा दोन्ही दिशांनी घुमतो आणि चित्रपटातील मेघगर्जनेत संवाद बुडून जातो. उलट मातुःश्रींची खोली लांबट, गाद्या-गोधड्यांनी व पुस्तकांनी भरलेली. शास्त्राचा कौल उघडच तिच्या बाजूचा होता. "आजी बाहेर निजेल," असे मुलांनी सुचविले. मातुःश्रींनीही निमूटपणे मान डोलाविली. त्या निमूटपणानेच आमचा निर्णय झाला.

दिवाणखान्यात जाजम अंथरले, जाड पडदे लावले, खुर्च्या भिंतीपासून दूर ओढल्या. प्रतिध्वनी निवळला, खर्जाचा घुमारा थोडा उरलाच, कारण पडद्यांना तो आवरत नाही. आम्हांसही तो आता खटकत नाही.