फॉझेकॉश म्हणजे कुंभार

धाराशिव
सोमवार, रात्री

ती. आईस,


सुखरूप पोचलो. ऊन फार आहे, पण तू दिलेलं उपरणं डोक्याला गुंडाळून होतो, काळजी करू नकोस. स्टँडसमोर एका दुकानाच्या पाटीवर अजून ‘उस्मानाबाद’ आहे आणि त्याला खेटून असलेल्या हॉटेलावर ‘धाराशिव’. शेवटच्या निजामाचं नाव २०२३ साली सरकारी कागदांवरून उतरलं. तुझ्या तोंडी ते कधी चढलंच नव्हतं. इथला चहावाला दोन्ही नावं वापरतो, कधी कधी एकाच वाक्यात.

निघताना तू विचारलं होतंस, मनूच्या घरमालकीणबाईंचं ते शिंक आल्यासारखं आडनाव, त्याला काही अर्थ आहे का? मी हसण्यावारी नेलं. आज खोलीवर पंख्याखाली पडल्यापडल्या तिला फोन लावला. तिकडे हंगेरीत, डेब्रेत्सेनला, तेव्हा दुपार होती, पोरगी कॉलेजातून नुकतीच आली होती. ती म्हणाली, दारावर पाटी आहे ‘फॉझेकॉश’. त्यांच्या भाषेत फॉझेक म्हणजे रांधायचं भांडं, आणि फॉझेकॉश म्हणजे भांडी घडवणारा.

म्हणजे कुंभार, आई! आणि मी उद्या निघालोय तेरला, तुझ्या गोरोबाकाकांच्या गावाला. योग म्हणायचा की काय, ते तू ठरव.


तेर
मंगळवार

ती. आईस,

सकाळच्या एसटीनं तेरला उतरलो. तेरणेत पाणी नावाला आहे. काठावरच्या देवळात जाऊन तुझ्या नावानं नारळ ठेवला. चैत्र वद्य त्रयोदशीची यात्रा आठवड्यावर आलीय, त्यामुळे मांडवाचे बांबू पडलेत आणि झाडलोट चालू आहे. इथे कुणी ‘संत गोरा कुंभार’ म्हणत नाही. काका. जणू आत्ता उठून बाजाराला गेलेत.

गाव सगळं मातीचंच म्हणायचं. त्रिविक्रमाचं देऊळ दगडाचं नाही, भाजलेल्या विटांचं आहे, पाठीमागून हत्तीच्या पाठीसारखं गोल. मूळचं ते बौद्ध चैत्यगृह असावं असं जाणकार मानतात. पांढरीच्या टेकाडावर पाऊस पडून गेला की मणी, खापरं, बाहुल्या उघड्या पडायच्या. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या हजारोंनी जमवल्या, म्हणून आज इथे त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय उभं आहे. मातीचे रोमन धाटणीचे दिवे पाहिले. एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती इथे सापडली, तिच्यासारखीच दुसरी इटलीत पाँपेईच्या राखेखाली १९३८ साली मिळाली, आणि ते शहर बुडालं इसवी सन ७९ मध्ये. तेव्हा या गावाचं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर आहे आणि तिथलं कापड गाड्यांतून आडरानातल्या वाटांनी भडोचच्या बंदराकडे जातं. तेव्हा परदेशी नावांचं तेरला अप्रूप नसावं.

दुपारी एका कुंभारवाड्यात टेकलो. म्हाताऱ्यांनी नाव विचारलं. सांगितलं. मग म्हणाले, ‘‘पूर्ण नाव?’’ पूर्ण नाव विचारणं म्हणजे काय विचारणं, हे तुला सांगायला नको. आडनाव ऐकून मान हलवली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. चाकाला आता मोटर आहे. माठ अजून थापटूनच वाढवतात, आतून दगडाचा गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटणं. संक्रांतीला सुगडं, नवरात्रात घट, दिवाळीत पणत्या, उन्हाळ्यात माठ. बाकीचे महिने, म्हणाले, मातीच्या मागं फिरण्यात जातात.

ते थापटणं हातात घेऊन पाहिलं आणि तू सांगायचीस ती गोष्ट आठवली. सगळे संत काकांच्या घरी जमलेले, मुक्ताईनं विचारलं हे काय, काका म्हणाले मडकं कच्चं की भाजलेलं ते यानं कळतं. ‘मग आमची परीक्षा घ्या’ म्हणाल्यावर काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे गप्प, नामदेव तेवढे कळवळले. मडकं कच्चं! लहानपणी मला नामदेवांची फार कीव यायची. आज मात्र वेगळंच सुचलं, की शिंप्याचं डोकं कुंभारानं थापटलं. कारण मनूनं काल आणखी आडनावं ऐकवली होती. शिंपी तिकडे सॉबो. लोहार कोवाच. धनगर युहास. सोनार ओत्वोश, आणि या आडनावाचा लोरांड ओत्वोश हा शास्त्रज्ञ गुरुत्वाकर्षण मोजायच्या नाजूक काट्यासाठी जगभर ओळखला जातो; नरहरी सोनारांना ऐकून बरं वाटलं असतं. मॉग्दा सॉबो ही त्यांची मोठी कादंबरीकार, जन्म १९१७, मनूच्याच डेब्रेत्सेनचा.

पण तुला हवे होते फॉझेकॉश. सगळ्यांत जुना नावाजलेला मिहाय फॉझेकॉश, हाही डेब्रेत्सेनचाच, १७६६ ते १८२८. घोडदळात अधिकारी होता, लढाया केल्या, मग कंटाळून घरी परतला आणि बागेत रमला. मेहुण्याबरोबर १८०७ साली हंगेरियन भाषेतला वनस्पतींचा पहिला शास्त्रशुद्ध ग्रंथ काढला. झाडांना गावठी भाषेत नावं द्यायची, हे त्या काळी धाडसच. त्याचं खरं नाव झालं ते एका पद्यकथेनं. हंस राखणारा मॉत्यी नावाचा गरीब पोरगा बाजारात जातो, तिथला जमीनदार त्याचे हंस हिसकावतो आणि वर फटके देतो. मॉत्यी सांगतो, याची तिप्पट परतफेड करीन. पुढे कधी सुताराच्या वेषात, कधी वैद्याच्या, तो जमीनदाराला एकट्याला गाठतो आणि तीनदा बडवतो. १८१५ साली ही कथा कवीला न विचारता, त्याचं नावही न घालता छापली गेली. नावांच्या या पत्रात मला हेच जास्त आवडलं.

लास्लो फॉझेकॉश १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या फुटबॉल संघात होता. रोबर्ट फॉझेकॉशनं २००४ साली अथेन्सला थाळीफेक जिंकली, पण चाचणीसाठी नमुना नीट दिला नाही म्हणून पदक काढून घेतलं. काकांचं थापटणं तिथवर पोचलं म्हण! आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची गोष्ट म्हाताऱ्यांना सांगितली. चौघींच्या कयाक होडीनं ५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, त्यात सॉबो, कोझाक, कोवाच आणि क्रिस्टिना फॉझेकॉश. शिंपीण, घोडेस्वारीण, लोहारीण, कुंभारीण, चौघी एका होडीत.

म्हातारे पोट धरून हसले. मग विचारलं, ‘‘आन् मडकी करत्यात का ती?’’

म्हटलं, नाही.

‘‘म्हंजी आडनाव ठिवलं आन् चाक सोडलं.’’ थोडा वेळ गाडगं फिरवत राहिले. ‘‘त्यास्नी कुनी जात इचारतं का?’’

मला उत्तर आलं नाही. तांब्यातलं पाणी संपवलं.


तुळजापूर
गुरुवार

ती. आईस,

दर्शन झालं. रांग मोठी होती, पण पहाटे उभा राहिलो म्हणून आठच्या आत बाहेर पडलो. कुंकू आणि कवड्यांची माळ घेतलीय. तू सांगितलेली साडी चढवली. भक्त निवासात खोली बरी मिळाली, गादीचं मात्र बोलू नये.

म्हाताऱ्यांचा प्रश्न मनूला पाठवला होता. तिचं उत्तर आलं, ‘‘बाबा, इथे कुणी विचारत नाही. बाईंनी जन्मभर बँकेत नोकरी केली. माझ्या बॅचमधल्या एका कोवाचला लोहारकाम म्हणजे काय तेही माहीत नसेल.’’ शिवाय एक मजेची गोष्ट लिहिली. डेब्रेत्सेनपासून जवळच नादुदवॉर म्हणून गाव आहे, तिथे काळी कुळकुळीत मातीची भांडी होतात. भट्टीचं तोंड लिंपून आत धूर कोंडला की भांडं काळं होतं. ती घडवणारं नामांकित घराणं फॉझेकॉशच. त्यांनी चाक सोडलेलं नाही, आणि सोडलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती.

मनूचं खरं असेल. पण ‘कुणी विचारत नाही’ यावर माझा पुरता विश्वास नाही. सावता माळ्याला तिकडचं आडनाव शोधलं तर ते केर्तेस, म्हणजे बागवान. इम्रे केर्तेस हा त्यांचा लेखक, २००२ सालचा नोबेल विजेता. आडनाव अस्सल हंगेरियन, अर्थ इतका साधा. तरी १९४४ साली, चौदा वर्षांच्या त्या पोराला ज्यू म्हणून उचललं आणि ऑशविट्झला पाठवलं. तेव्हा तिकडेही पूर्ण नावच विचारलं होतं. मनूला हे लिहिलंय. ती वाचेल, मग फोन करील आणि माझ्याशी भांडेल.

परतीच्या वाटेवर पुन्हा तेरला उतरणार आहे. वाकडी वाट होईल, पण म्हाताऱ्यांना उत्तर द्यायचं राहिलंय. दोन्ही गोष्टी सांगेन, बँकेतल्या बाईंची आणि केर्तेसची. काय समजायचं ते त्यांचे ते समजतील.

त्यांच्याकडून तुझ्यासाठी एक माठ आणि चार पणत्या घ्यायचं ठरवलंय. माठ मी मांडीवर घेऊन येईन. पणत्यांपैकी दोन मनूच्या घरमालकीणबाईंना. दिवाळीच्या पार्सलात चकलीच्या डब्याशेजारी ठेवू नकोस, फुटतील. जुन्या धोतराच्या फडक्यात वेगवेगळ्या गुंडाळ. आणि पत्ता तूच लिही, तुझं अक्षर चांगलं. बाईंचं आडनाव आधी आणि नाव मागून लिहायचं, शाळेच्या हजेरीपटात असायचं तसं. तिकडे तशीच रीत आहे.

तुझा,
बाळू