पंचकल्याणी मैना

आबांनी मैना घेतली ती तिच्या पायांवर भाळून. अंग तांबूस, कपाळावर पांढरा पट्टा आणि चारही पाय खाली पांढरेशुभ्र. पंचकल्याणी घोडी दारात आली म्हणजे लक्ष्मीच, असं आजी म्हणायची. पण तेच पाय दर पावसाळ्यात आम्हाला रडवायचे.

आमच्या माथेरानात खासगी मोटारींना बंदी. दस्तुरी नाक्यापुढे बरीच माणसं घोड्यावर नाहीतर पायी जातात. पाऊस लागला की लाल मातीचा चिखल घोड्यांच्या खुरांवर चढतो. बरेच घोडेवाले तेव्हा जनावरं घाटाखाली नेतात. मैना मात्र घरामागच्या तबेल्यातच असायची. जुलैत तिच्या मागच्या टाचांच्या खोलगट भागात खपल्या धरायच्या, खाली लालभडक कातडी. हात लावला की पाय झाडायची. एरवी इतकी गरीब, की धाकटी बहीण तिच्या पोटाखालून ये-जा करायची.

प्रत्येक फेरीनंतर आबा पाय खसाखसा धुवायचे, वर करंजाचं तेल थापायचे. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आबा, आधी हे धुणं थांबवा." सतत ओली राहिलेली कातडी मऊ पडून चिरते, मग डर्माटोफिलस नावाचे जंतू आत शिरतात. पांढऱ्या केसांखालची गुलाबी कातडी तर जास्तच नाजूक. ओल्या पायावर तेल म्हणजे ओल आत कोंडणं.

डॉक्टरांनी टाचेवरचे केस कातरले. पोव्हिडोन आयोडीन कोमट पाण्यात फिक्या चहाच्या रंगाचं करून लावायचं, दहा मिनिटं ठेवायचं, भिजून सुटेल तेवढीच खपली काढायची. ओरबाडायचं नाही. हातमोजे घालायचे, कारण हे जंतू माणसालाही लागतात. मग धुऊन आईच्या जुन्या लुगड्याने बोटबोट टिपायचं, आणि पुरतं कोरडं झाल्यावरच मलम. हे टिपणं मैनेला फार आवडे. मान आबांच्या खांद्यावर टाकून उभी राहायची आणि हळूच त्यांची टोपी दातांनी उचलायची. आबांच्या शिव्या तेवढ्यापुरत्याच.

एका वर्षी मात्र पाय वरपर्यंत सुजला, ताप आला, ती लंगडू लागली. इंजेक्शनं द्यावी लागली. त्यानंतर आबांनी तबेल्याची जमीन उंचावली, खाली कोरडा भुसा घातला आणि चिखल वाळू देऊन ब्रशने झाडायची सवय लावून घेतली. पुढे खपल्या आल्या तरी किरकोळच.

मैना म्हातारी होऊन गेली. तुम्ही पावसात माथेरानला गेलात, तर रिकिबीत पाय घालण्याआधी घोड्याच्या मागच्या टाचा बघा. खपल्या दिसल्या, तर घोडेवाल्याला सांगा आणि सरळ चालत जा.