शोरूममधली नवी आणि माझी जुनी

माझी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० होती २०१८ची. सिंगल हँड, एमएच-०९ पासिंग, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. एवढं असल्यावर भाव मीच सांगणार, अशा तोऱ्यात मी होतो.

जुलै २०२१मध्ये इचलकरंजीहून एक पोरगा मामांना घेऊन गाडी बघायला आला. मामांनी सव्वा लाख सांगितले. मी एक चाळीसवर अडून बसलो. वरून अठरा हजारांचं सामान लावलंय, हेही ऐकवलं: लेगगार्ड, सीट, साडेसहा हजारांचा सायलेन्सर. मामा म्हणाले, "त्यो सायलेन्सर ऱ्हाऊ द्या तुमालाच. आमाला कंपनीचा पायजे." चहा पिऊन दोघं गेले.

खरं तर नोव्हेंबर २०२०मध्ये त्याच कंपनीची मीटिऑर आली, तेव्हाच नवं इंजिन सगळ्यांनी पाहिलं होतं. ते क्लासिकला बसणार हे गॅरेजमधलं पोरगंही सांगत होतं. माझा हिशेब मात्र उलटा: नवी महाग येईल, म्हणजे जुनीचा भाव चढेल. कुणी शंका काढली की मी आरएक्स १००चा दाखला द्यायचो. ती १९९६ला बंद झाली, तरी लोक शोधत फिरतात!

१ सप्टेंबर २०२१ला नवी क्लासिक आली. ३४६ सीसीचं ३४९ झालं, ताकद जवळपास तेवढीच. पण आत बॅलन्सर शाफ्ट आला आणि थरथर गेली. त्यानंतर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने एकच गोष्ट केली. गाडी चालू करायची, आरशात बघायचं आणि म्हणायचं, "मागचं काय दिसंना की ओ." तीन वर्षं ज्या थरथरीला मी बुलेटचा ठोका म्हणून मिरवलं, ती आता खोड ठरली होती. माझ्या गाडीत काहीच बदललं नव्हतं, बदललं ते शोरूममध्ये. आरएक्सचा दाखलाही चुकीचाच होता. टू-स्ट्रोक आता नवी मिळतच नाही, म्हणून तिला भाव. माझ्या गाडीचंच नाव लावून तिच्यापेक्षा बरी गाडी समोर उभी होती.

वर्ष उलटलं की मॉडेल आणखी एका वर्षाने जुनं दिसणार, या धास्तीने डिसेंबरात एक लाख पाचला दिली.

यातून शहाणा झालो म्हणावं, तर तेही नाही. १५ ऑगस्ट २०२५ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करण्याचं सांगितलं. मी ते टीव्हीवर ऐकलं. तरी गणेश चतुर्थीचा मुहूर्त चुकू नये म्हणून २७ तारखेला २०२३ची क्लासिक पावणेदोन लाखांना जुनी घेतली. ३ सप्टेंबरला निर्णय झाला आणि २२ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा कर २८ टक्क्यांवरून १८वर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या. ज्याने गाडी मिळवून दिली, त्याच एजंटला मी सहज म्हणून भाव विचारला. "दीड धरा," तो म्हणाला. या खेपेला तर मॉडेलही बदललं नव्हतं.

जुन्या गाडीची किंमत तिच्या मीटरवर किंवा आपल्या जिवावर ठरत नाही. त्याच दिवशी नवी कितीला आणि कशी मिळते, त्यावर ठरते. हे मला दोनदा पैसे मोजून कळलं.

साडेसहा हजारांचा सायलेन्सर अजून माळ्यावर आहे. या गाडीला तो बसत नाही.