प्रतापगडचे पाणी

प्रतापगड म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जावळीचे खोरे उभे राहते. १६५९ सालचा तो प्रसंग आपण बाळपणापासून इतक्या वेळा ऐकलेला असतो की, त्या नावाचे दुसरे एखादे स्थळ असू शकेल ही कल्पनाच मनास शिवत नाही. परंतु महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेस, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, दुसरा एक प्रतापगड आहे. त्याच्या वाट्यास इतिहासाची कीर्ती आली नाही. पाणी मात्र भरपूर आले.

खरे पाहता आम्हांस जावयाचे होते लडाखला. चिरंजिवांस हिमनद्या पाहावयाच्या होत्या. त्यांच्या भूगोलाच्या पुस्तकातील ते निळसर चित्र त्यांनी भिंतीवर चिकटवले होते, आणि सौभाग्यवतींनी लोकरीच्या कपड्यांची यादीही केली होती. इतक्यात डॉक्टरांनी आमच्या मातोश्रींस उंचीवर जाण्यास साफ मनाई केली. आईस घरी ठेवून जावे हे कोणाच्याच मनास येईना. तेव्हा ती म्हणाली, "बर्फ राहू द्या. मला एकदा झाडीपट्टीतलं पाणी दाखवा." तिचे माहेर तिकडचे. चिरंजीव दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तथापि आश्विनातील एका पहाटे आमची मोटार नागपूर सोडून भंडाऱ्याच्या रस्त्यास लागली.

वैनगंगा ओलांडली आणि मुलूख पालटला. दोहो बाजूंस निसवलेला धान, मधून मधून मोहाची झाडे, आणि वळणावळणावर तळे. या तळ्यांस सरकारी कागदात 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात, आणि लोकांनी त्याचे सुटसुटीत रूप केले आहे 'मामा तलाव'. हे नाव ऐकून आमच्या कन्येस हसू आवरेना. आजीच्या माहेरी जावयाचे म्हणजे मामाच्याच गावाला जाणे, असा तिने लावलेला अर्थ मला फारसा चुकीचा वाटला नाही.

ही तळी निसर्गाने दिलेली नव्हेत. ती मुख्यतः कोहळी समाजाच्या लोकांनी बांधली. चांद्याच्या गोंड राजाने त्यांस काशीकडून आणले अशी आख्यायिका आहे. जमिनीचा उतार नुसत्या डोळ्यांनी ओळखून त्यांनी मातीची पाळ घातली, जास्तीचे पाणी निघून जाण्यास सलंग ठेवला, आणि खालच्या शेतांस पाट काढून दिले. आश्विनात पावसाने दगा दिला तर लोंबीत दाणा भरत नाही. त्या पंधरा दिवसांसाठी हे सारे तळे राखावयाचे!

साकोलीच्या अलीकडे आईने मोटार आडवाटेला घ्यावयास लावली. तिच्या गावचे तळे तिला पाहावयाचे होते. पाळ जागेवर होती, पाळीवरचा वडही होता. परंतु पाळीच्या आत अर्ध्याहून अधिक भागात बेशरमाचे रान माजलेले, एका कडेस कोणी नांगर घातलेला, आणि मध्ये एवढेसे पाणी. आई बराच वेळ उभी राहिली. "इथं हत्ती बुडंल एवढं पाणी होतं," एवढेच ती बोलली आणि मोटारीत येऊन बसली.

नवेगावबांधास पोहोचलो तो दिवस मावळत होता. कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी हा बांध घातला असे सांगतात. सभोवतालच्या सात टेकड्यांस 'सात बहिणी' म्हणतात. या बहिणींनीच कोलूस बांधकामात हात दिला, अशी लोकांची श्रद्धा. पुढे लोकांनी कोलूसही कोलासुर म्हणून देवपण दिले. तळे बांधणाऱ्याचा देव व्हावा, यात त्या लोकांचे शहाणपण दिसते. येथील अरण्यास १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान करण्यात आले, आणि मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्याने या पाण्यावरचे पक्षी मराठी वाचकाच्या घरात आणून सोडले. चिरंजिवांचा रुसवा प्रथम येथेच ढळला. अंधार पडेपर्यंत ते पाणकोंबड्या मोजीत होते.

दुसरे दिवशी प्रतापगड. डोंगरावर महादेव आहे आणि येथेच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीस यात्रा भरते, तेव्हा एकाच गर्दीत बेलाची पाने आणि दर्ग्यावरच्या चादरी एकमेकींस ओलांडून जातात. आम्ही गेलो त्या दिवशी गर्दी नव्हती. वारा मात्र पुष्कळ होता.

तेथून जवळच गाढवी नदी अडवून केलेले इटियाडोहाचे धरण आहे. ते १९७० मध्ये पुरे झाले. धरण पाहून गोठणगावकडे वळलो, आणि कन्या एकाएकी ओरडली, "बाबा, पताका!" झाडांतून पांढऱ्या, निळ्या, पिवळ्या, तांबड्या, हिरव्या पताकांच्या ओळी फडफडत होत्या. ही नॉर्गेलिंग नावाची तिबेटी वसाहत. १९७२ पासून हे लोक येथे आहेत. थंडीत नागपूरच्या बाजारात ज्यांच्याकडून आपण घासाघीस करून स्वेटर घेतो, त्यांच्यापैकी कित्येकांची घरे अशा वसाहतींत असतात, हे आपल्या ध्यानीही नसते.

मंदिराच्या ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ माळ ओढीत बसले होते. आई त्यांच्या शेजारी टेकली. तिने त्यांस विचारलेला पहिला प्रश्न मी विचारला नसता. "भाऊ, तुमच्या गावचं पाणी कसं होतं जी?"

गृहस्थ हसले. मोडक्या मराठीत, अडले तेथे हिंदीत, ते सांगू लागले. १९५९ मध्ये ते देश सोडून निघाले तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्यांच्या गावावर बर्फाचा डोंगर होता आणि गावातून त्याचाच ओढा वाहत असे. "सकाळी एवढासा, बाई. पाय टाकून जावे. दुपारी ऊन चढले की मोठा होई. मग आई आम्हांस पलीकडे जाऊ देत नसे." चिरंजीव पुढे सरकून बसले. बर्फ उन्हाने वितळतो हे पुस्तकात होते. ओढा दुपारी वाढतो म्हणून आई मुलांस अडवते, हे पुस्तकात नव्हते.

"आमच्याकडं तसंच," आई म्हणाली. "पाऊस रुसला की तळ्याचा पाट सोडत."

मग त्यांनी विचारले, "तुमचे गाव कोठे?"

"इथून जवळच," आई म्हणाली, आणि गप्प झाली. एकास गाव आहे पण जाता येत नाही. एकीस जाता आले, पण ज्यासाठी जावे ते तळे राहिले नाही. दोघांनाही एकमेकांचे दुःख न सांगता कळले असावे, कारण त्यानंतर ती दोघे कितीतरी वेळ केवळ पताकांकडे पाहत होती.

त्या दिवसापासून हिमनदी आणि तळे यांचे नाते माझ्या मनात घोळत आहे. दोन्ही म्हणजे साठवण; एक निसर्गाची, एक माणसाची. सुकाळात जमवावे आणि अडचणीत थोडे थोडे सोडावे, हा दोहींचा धर्म. दोन्ही आज क्षीण होत आहेत. उष्मा वाढत चालला म्हणून हिमनद्या मागे हटत आहेत. त्यांच्या रक्षणाची आठवण जगास राहावी म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे वर्ष त्यांच्या नावे केले. आमच्या तळ्यांची कथा निराळी. मालगुजारांचा अमल सुखाचा होता असे कोणी म्हणणार नाही, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली हे योग्यच झाले. परंतु तळी सरकारजमा होताच ती कोणाचीच राहिली नाहीत. पाळीवर माती टाकण्यास दरवर्षी निघणारा गाव घरी बसला, आणि गाळ साठत गेला.

तथापि एक भेद आहे, आणि तो आशेचा आहे. वितळलेली हिमनदी कोणा एका गावास पुन्हा गोठविता येणार नाही. तळे मात्र माणसाने केले, माणसास ते पुन्हा करता येते. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या स्त्रियांनी तळ्यांत उतरून बेशरम उपटला, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि मासे व पाखरे परत येऊ लागली. त्यांच्यापाशी ना मोठी यंत्रे होती ना कीर्ती. पाण्याची ओळख तेवढी होती.

शेवटच्या दिवशी सालेकसा तालुक्यात दरेकशाजवळचा हाजरा धबधबा पाहिला. मुंबई-हावडा लोहमार्गालगतच्या त्या डोंगरावरून पाणी पांढरेशुभ्र कोसळत होते. कन्येस वाटले, प्रवासातील सर्वांत सुंदर वस्तू हीच. चिरंजिवांनी थोडा विचार करून म्हटले, "हे पाणी नुसतं पळून जातंय. कोणी अडवत का नाही?" हिमनदी पाहावयास निघालेल्या मुलाच्या तोंडून हा कोहळ्यांचा प्रश्न निघाला, तेव्हा लडाख राहिल्याची रुखरुख मजपुरती तरी संपली.