तेलाला आधी माती

नागपूरहून रायपूरला येणारी मराठी घरातली गाडी रिकामी येत नाही. मागच्या सीटवर पिशव्या असतात आणि त्यांतल्या एखाद्या स्टीलच्या डब्यात सावजी रस्सा असतो. भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई असा तीनशेच्या आसपास किलोमीटरचा रस्ता. झाकण कितीही घट्ट बसवा, रश्श्यावरच्या लाल तेलाच्या तर्रीला वाट सापडतेच. ताटीबंधला शहरात शिरून, जीई रोडने अख्खं रायपूर ओलांडून गाडी आमच्या तेलीबांध्याला पोचते, तेव्हा सीटच्या करड्या कापडावर तळहाताएवढा लाल-पिवळा डाग पसरलेला असतो. दिवाळीत त्याच सीटवरून फराळाचे डबे चौबे कॉलनीत, तात्यापाऱ्यात, दुर्ग-भिलाईच्या नातलगांकडे जातात आणि चकलीचं तेल पिशवीतून हळूच खाली उतरतं. तिसरा डाग डोक्यामागच्या उशीवर असतो. तो कोणी सांडत नाही. रोज वेणी घालून कुणीतरी तिथे डोकं टेकवतं आणि खोबरेल कापडात मुरत जातं.

या डागांकडे मी तिरस्कारानं पाहू शकत नाही. छत्तीसगडच्या या मुलखात तेलाला मोठा मान आहे. परंपरेनं घाण्यावर तेल काढणारा साहू समाज इथे मोठा आहे. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावरच्या राजिमला, राजीव लोचनाच्या देवळाशी, राजिम नावाच्या तेलिणीची कथा जोडलेली आहे. तिला एक शिळा सापडली. त्या शिळेवर तेलाचं भांडं ठेवलं की भांडं रितंच होईना, आणि ती शिळा म्हणजे प्रत्यक्ष देव निघाला. रितं न होणारं तेल ही कष्टकरी बाईला सुचलेली किती सुंदर कल्पना! पण कापडातल्या तेलाचाही स्वभाव असाच असतो. वरून पुसलं तरी ते आत उरतं, दोन दिवसांनी पुन्हा वर येतं.

ते उरतं याचं कारण कापडात आहे. गाड्यांच्या सीटचं कापड बहुतेक पॉलिस्टरचं असतं. सुताला पाणी आवडतं, पॉलिस्टरला तेल. पॉलिस्टरचा धागा पाणी झटकतो आणि तेल धरून ठेवतो. त्या कापडाखाली फोम असतो. आपण घाईघाईनं ओला फडका घेऊन घासायला लागलो की तेल पातळ होऊन पसरतं, फोममध्ये उतरतं, आणि पाणी वाळलं की डागाभोवती एक कडा उमटते. मग एकाच्या जागी दोन डाग होतात. पावसाळ्यात तो ओला फोम वास मारू लागतो तो वेगळाच.

उन्हाचाही हिशेब धरायला हवा. अळशी, सरकी, सोयाबीन ही तेलं हवेशी संयोग पावून हळूहळू घट्ट, चिकट होतात. अळशीचं तेल रंगात वापरतात ते याच गुणामुळे. रायपूरच्या नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, आणि काचा लावून उभ्या केलेल्या गाडीच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त. एप्रिलमधला ताजा डाग मेअखेर पिवळा, राठ पापुद्रा झालेला असतो. तेव्हा डाग काढायचा तर त्याच दिवशी काढावा.

आणि काढायचा कसा, याचं उत्तर आपल्या घरांत फार आधीपासून आहे. सारवलेल्या जमिनीवर तेल सांडलं की माझी आजी पाण्याचा तांब्या घेत नसे, पिठाचा डबा उघडत असे. पीठ भुरभुरवायचं, थोडा वेळ तसंच ठेवायचं, मग सुपलीत गोळा करायचं. सीटसाठी पिठापेक्षा मुलतानी माती बरी. आमच्या गोलबाजारात पंसाऱ्याकडे ती सुटी मिळते. आधी बोथट सुरीनं किंवा जुन्या कार्डाच्या कडेनं वरचा चिकटा उचलावा, जुन्या सुती कापडानं नुसतं दाबून टिपावं, आणि मग त्या जागेवर मातीचा बोटभर थर द्यावा. हलक्या रंगाच्या कापडावर मातीचा रंग राहील अशी भीती वाटली तर खायचा सोडा किंवा मक्याचं पीठ चालतं. रात्रभर राहू द्यावं. सकाळी माती गडद झालेली दिसते. तेवढं तेल कापडातून वर आलेलं असतं. ती झाडून, व्हॅक्यूमनं ओढून घ्यावी आणि गरज पडली तर पुन्हा थर द्यावा. या मातीचे कण अतिशय बारीक पापुद्र्यांचे असतात, त्यांच्या फटींत तेल शोषलं जातं. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत कपडे धुणाऱ्यांच्या कारखान्यांचे हौद सापडले आहेत. त्या काळचे रोमन परीट लोकरीतला स्निग्धांश काढायला अशीच माती वापरत.

खोबरेलासाठी मात्र एक पथ्य आहे. ते चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं. जानेवारीच्या सकाळी रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या गाडीत उशीवर माती लावून काही हाती लागत नाही. ऊन चढू द्यावं, तेल पातळ होऊ द्यावं, मग माती लावावी.

साबणाची पाळी त्यानंतर. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, ते फेसाळायचं आणि पांढऱ्या फडक्यावर नुसता फेस घ्यायचा. डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत जायचं. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, म्हणून सुटलेलं तेल फडक्यावर येतं. मग स्वच्छ ओल्या फडक्यानं फेस टिपून घ्यायचा, कोरडा टॉवेल दाबून ठेवायचा, काचा खाली करायच्या. तर्रीच्या डागावर साबण लागला की हळद लाल होते. तिथे घाबरून जोरात घासू नये. तेल गेलेलं असेल तर ऊन उरलेला रंग उडवून टाकतं, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

यंत्राचं काळं ग्रीस निराळ्या जातीचं. दाराच्या बिजागरीतून किंवा सीट सरकवायच्या पट्टीवरून ते कापडाला लागतं. ग्रीस म्हणजे खनिज तेल आणि त्याला घट्ट करणारा, पाण्यात न विरघळणारा, बहुधा लिथियमचा साबण. त्यात झिजलेल्या धातूची पूड मिसळते आणि ते काळं होतं. मातीनं ते पुरतं निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन थोडं थोडं टिपावं, तेही सीटखालच्या लपलेल्या कोपऱ्यात आधी लावून पाहून, काचा उघड्या ठेवून, आसपास कुठे आग नाही ना हे बघून. गॅरेजात मात्र सर्रास पेट्रोलचा बोळा पुढे केला जातो. याला माझा ठाम विरोध आहे. ड्रायक्लीनिंगच्या सुरुवातीच्या काळात टर्पेंटाइन, केरोसीन, पेट्रोल वापरत आणि धुलाईची दुकानं पेट घेत, म्हणून त्या धंद्यानंच पुढे न पेटणारी द्रवं शोधली. बंद गाडीत, फोमवर, मुलं बसतात त्या जागी पेट्रोल ओतण्याला कोणतंच कारण पुरेसं नाही.

मातीचा इतका आग्रह मी धरते तो केवळ सीटसाठी नाही. आमच्या घरापासून चार पावलांवर तेलीबांधा तलाव आहे. रविवारी सकाळी गल्लीगल्लीत गाड्या धुतल्या जातात, सीटची कव्हरं पाइपखाली धरली जातात, आणि साबण-तेलाचं पाणी उतार मिळेल तिकडे धावतं. बेंजामिन फ्रँकलिननं लंडनच्या क्लॅपहॅम कॉमनमधल्या तळ्यावर चमचाभर तेल ओतून पाहिलं होतं. ते पसरत पसरत अर्ध्या एकरभर पाण्यावर गेलं आणि वाऱ्यानं उठलेले तरंग तेवढ्या भागात निवले. हे त्यानं 1774 मध्ये प्रसिद्ध केलं. चमचाभर तेलाची पोच इतकी, आणि आमच्या काठाला गाड्या तर शेकड्यांनी. तवंग हवा आणि पाणी यांच्यामध्ये येतो, साबणाचं पाणी माशांच्या कल्ल्यांना इजा करतं. रायपूरच्या नाल्यांचं पाणी शेवटी खारून नदीला मिळतं, आणि हे शहर पितं तेही खारूनचंच पाणी.

म्हणून माझं मागणं साधं आहे. डाग दिसला की पाइपकडे जाऊ नका, माती घ्या. रात्रभर वाट पाहा. तेल प्यालेली माती कागदात बांधून सुक्या कचऱ्यात टाका. साबण वाटीभरच लागेल, आणि ते पाणीही नालीत न ओतता घरच्या मोरीत ओता.