शिक्र्याआधीचा आवाज

फाल्गुनातल्या दुपारी कोकणच्या आगरात एक आवाज उठतो आणि तो उठल्यावरच जाणवतं, की एवढा वेळ इथे किती आवाज नांदत होते. तो आवाज खारीचा. फणसाच्या बुंध्याला चिकटून, शेपटीचा झुपका दर हाकेला झटकत, ती एकाच मापाचं, एकाच धारेचं चिर्क-चिर्क-चिर्क सुरू करते आणि पोफळींतली बुलबुलांची बडबड मधेच तुटते. दयाळ गातागाता थांबतो. सातभाईंचं टोळकं पाचोळा उलटायचं सोडून जास्वंदीच्या पोटात शिरतं. ऊन तेच, झावळ्यांची सळसळ तीच, पाटाचं पाणीही तसंच वाहत असतं. तरी त्या सगळ्या हिरव्या गारव्यावरून कुणीतरी हात फिरवून गेल्यासारखं होतं.

दाभोळच्या खाडीच्या दक्षिणेला, गुहागरकडच्या आमच्या घरी, पडवीत सुपाऱ्या सोलत बसलेली आजी मान वर न करता म्हणायची, "शिक्रा आला गो. पिल्लं झाक आधी."

मी धावायची. डालगं ओढून पिल्लांवर पालथं घालायची आणि मग आभाळ धुंडाळायची. आभाळात काही नसायचं. असायचंच नाही, कारण शिक्रा आभाळाचा नव्हेच. आभाळातली माणसं वेगळी. घार तिथे राजरोस फिरते, शेपटीच्या टोकाला खाच घेऊन. खाडीवर ब्राह्मणी घार येते, पांढरं डोकं, विटकरी अंग, गोल शेपूट. किनाऱ्याच्या उंच झाडांवरून समुद्रगरुड निघतो. थंडीत सड्यावर खरुची वाऱ्यात एका जागी पंख फडफडवत टांगल्यासारखी थांबते आणि गवतावरून भोवत्ये पंख किंचित वर धरून संथ तरंगत जातात. ही सगळी डोळ्यांनी ओळखायची मंडळी. शिक्रा कानांनी ओळखायचा.

तेही खुद्द त्याच्या आवाजावरून नाही. त्याला भिणाऱ्यांच्या आवाजावरून. आजीच्या कानाला त्या भीतीतले पदर कळत. पक्षी खरखरीत, तुटक आवाजात पुन्हा पुन्हा ओरडत असतील, बुलबुल नि शिंपी एकाच फांदीकडे तोंड करून कालवा करत असतील, तर ती म्हणायची, "बसलाय." म्हणजे तो दिसला आहे, त्याचा डाव फुटला आहे, आणि आता सगळे मिळून त्याला तिथून उठवायच्या मागे आहेत. पण कधी कुठूनशी एक बारीक, लांबट शीळ यायची, कुणाची, कुठल्या झाडातली, काही पत्ता लागू न देणारी. आणि मग सगळीकडे चिडीचूप. तेव्हा आजीचे हातही थांबत. "उडाला." उडत्या शिकाऱ्याची खबर द्यायची पण आपली जागा कळू द्यायची नाही, यासाठी पाखरांनी असा पातळ सूर राखून ठेवलेला असतो, हे मी पुष्कळ वर्षांनी पुस्तकात वाचलं. वाचताना सुपारीच्या ओल्या सालीचा वास आला.

आधी ऐकायचं आणि मग बघायचं, हा क्रम माझ्यात तिथेच मुरला. आवाज कुठे गोळा होतोय तिकडे, सावलीच्या मधोमध, खोडालगतच्या फांदीवर नजर न्यायची. मग हळूहळू तो पानांतून वेगळा होतो. कबुतराएवढाच, पण ताठ. पाठ चुलीतल्या निवलेल्या राखेच्या रंगाची. छातीवर तांबूस आडव्या रेघा, इतक्या बारीक आणि दाट की लांबून तिथे नुसती लाली दिसावी. पांढऱ्या गळ्यावर मधोमध उतरलेली एक करडी रेघ. पिवळे, सडपातळ पाय. आणि डोळा! नराचा डोळा लाल, धगधगीत. मादी त्याच्याहून थोराड, पाठीला जराशी तपकिरी, तिच्या डोळ्यात पिवळी-नारिंगी झाक. यंदाचं पिल्लू असेल तर अंग तपकिरी आणि छातीवर उभे, ओघळलेले ठिपके. सह्याद्रीच्या दाट रानात बेसरा भेटतो, तो असाच, पण त्याच्या गळ्यावरची रेघ ठसठशीत, काळपट. माझा जीव मात्र आगरातल्या त्या फिकट रेघेवर. उडतानाही तो फार दिसू देत नाही. चार-पाच घाईचे पंख, मग एक सरळ तरंग, पुन्हा चार-पाच पंख. जमिनीलगत जातो आणि पुढच्या झाडाशी एकदम वर उचलला जातो.

चैत्र-वैशाखात ही ओळख अवघड होते, कारण तेव्हा पावशा येतो. त्याचं ते "पेर्ते व्हा" चढत्या सुरात सगळ्या गावाच्या ओळखीचं. पण तो गप्प असला की त्याच्या अंगावर हुबेहूब शिक्र्याचे कपडे. तसाच राखी, तशीच रेघांची छाती, तसंच पंख मारून तरंगणं. चिमणी पाखरं त्यालाही भिऊन ओरडतात. सातभाईंच्या घरट्यात निळं अंडं घालून जाणाऱ्या या पाहुण्याला त्या भीतीचा उपयोगच होत असावा, असं मला वाटतं. आजी म्हणायची, चोच बघ, नख्या बघ. शिक्र्याची चोच मांस फाडणारी, आकड्यासारखी वळलेली. पावशाची साधी, सुरवंट खाणारी. शिवाय फांदीवर बसला की पावशा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो.

आणि कोतवाल. तो तर शिक्र्याचा आवाजच काढतो. मैना किडा धरून बसल्या की हा वरून शिक्र्याची हाक घालतो, मैना भुर्र होतात, आणि टाकलेला घास याचा होतो. किती जणांनी त्याला वाटून घेतलंय! एकाने रंग घेतला, एकाने आवाज, आणि खारीने, बुलबुलाने, कोंबडीने त्याची धास्ती आपापल्या गळ्यात जपून ठेवली. तो स्वतः पानांआड उगा बसलेला, आणि सगळं आगर त्याच्याविषयी बोलत असतं.

आता ते आगर दुसऱ्यांकडे आहे. आजी नाही. मी पुण्यात राहते, आणि शिक्रा इथेही राहतो, सोसायटीच्या वर्षावृक्षांत, शाळांच्या मागच्या कडुनिंबांत, माणसांना फारसा न बुजता. भाजी चिरताना गाड्यांच्या गोंगाटातून खारीची ती एकसुरी हाक खिडकीशी येते आणि माझा हात थांबतो. "बसलाय," मी म्हणते. ओट्यापाशी ऐकायला कुणी नसतं. असो.

पण मार्च लागला की हा अबोल पक्षी तोंड उघडतो, ते तुम्ही ऐकावं असं फार वाटतं. टिटी-ट्यू, टिटी-ट्यू, दोन तुकड्यांची तीक्ष्ण हाक सकाळी लवकर शेंड्यांवरून येऊ लागते. दोघं मिळून दुबेळक्यात काटक्या रचतात. नर सरडा धरून आणतो, जरा लांबच्या फांदीवर बसून मादीला हाक मारतो, आणि ती घरट्यातून उठून तो घ्यायला येते. त्या दिवसांत कावळे त्यांच्या वाटेला जात नाहीत असं नाही. पण गेलेच, तर ती कबुतराएवढी मादी दुप्पट ओरडत त्यांच्यावर अशी तुटून पडते की कावळ्यांना चार इमारती पलीकडे जाऊन टेकावं लागतं, आणि तिथूनही ते तिच्या नावाने कितीतरी वेळ कोकलत राहतात.